सासकाटूनचा सडा

बाळंतपणं आणि सुतकं सोडली, तर एकोणपन्नास वर्षांत शकुबाईच्या दारात सडा पडला नाही असा दिवस उगवला नव्हता. गोंडपिपरीहून सात-आठ मैल आत, तलावाच्या पाळीला लागून मासेमारांचा ढिवर मोहल्ला आणि त्या मोहल्ल्याच्या टोकाला तिचं घर. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं तिच्या हातात सगळ्यात आधी दिली ती शेणपाण्याची बादली. "ओतायचं नाई वं, शिंपायचं," असं म्हणत सासूनं मनगट वळवून दाखवलं होतं. बोटं फाकवायची आणि हात असा झटकायचा की थेंब तांदळाच्या दाण्यांसारखे एकसारखे पडावेत. डबकं कुठे दिसता कामा नये. शकुबाईला ते पंधरा दिवसांत साधलं.

पुढे तिनं ते भाग्यश्रीला शिकवलं. भाग्यश्री तिची सून, माहेर कुरखेड्याचं. तिच्या माहेरी सडा पातळ टाकायचे, त्यावरून शकुबाईनं सुरुवातीला तिला पुष्कळ ऐकवलं होतं. "हा सडा हाय का चहा?" असं एकदा चार बायांत म्हणाली होती. भाग्यश्री खाली मान घालून हसली आणि दुसऱ्या दिवसापासून शेण वाढवलं.

तीच भाग्यश्री आता कॅनडाला गेली होती. शकुबाईचा मुलगा हेमराज चंद्रपूरला आयटीआय करून वेल्डर झाला, सहा वर्षं आखातात राहिला आणि आता तिकडच्या एका कंपनीनं मोठाल्या यंत्रांच्या कामासाठी त्याला बोलावून घेतलं होतं. बायकापोरांना नेता येत होतं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो, भाग्यश्री आणि सात वर्षांची दिव्यानी असे तिघे निघाले. शकुबाईचे यजमान गुणवंतराव यांनी त्या गावाचं नाव विचारून घेऊन कॅलेंडरवर पेनानं लिहून ठेवलं. सासकाटून.

शेजारची चंदाबाई ताक मागायला आली तेव्हा तिनं ते वाचलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सासकाटून? म्हंजे सास काटून?"

"गावाचं नाव हाय ते," शकुबाई म्हणाली.

"नाव त बराबर ठेवलं बाई! सासेले काटून गेली तुही सून!"

दुपारपर्यंत बोअरिंगवर तेच चाललं होतं. बाया पाणी हापसत होत्या आणि हसत होत्या. शकुबाईही हसली. हसली खरी, पण तो शब्द बारीक काट्यासारखा घशात अडकला. रोहूचं कालवण खाताना अडकतो तसा, भाताचा गोळा गिळला तरी न उतरणारा.

पहिला फोन मंगळवारी सकाळी आला. हेमराजनं जाताना मोठा फोन ठेवला होता आणि हिरवं बटण कुठलं, तेवढं शिकवून ठेवलं होतं. शकुबाईनं बटण दाबलं आणि फोनमध्ये दिव्यानी दिसली, डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेली, नुसते डोळे आणि नाक.

"आजी, तुमच्याकडं सकाळ हाय ना? आमच्याकडं अजून कालची संध्याकाळ हाय!"

"म्हंजे तुम्ही कालच्यात राहून राह्यले का वं?" शकुबाई थक्क झाली.

मग दिव्यानीनं फोन फिरवून घर दाखवलं. सगळं घर लाकडाचं. भिंती लाकडाच्या, जिना लाकडाचा. गुणवंतराव मागून डोकावत म्हणाले, "सागवान इथलं, अन् लाकडाचे घरं तिथी!" मग खिडकी दाखवली. खिडकीबाहेर दिव्याच्या उजेडात सगळं पांढरं होतं. रस्ता नाही, अंगण नाही, झाडाचं पान नाही. गुणवंतरावांनी चष्मा वर केला.

"बर्फ हाय अवं हा! एवढा बर्फ आपल्या सोसायटीले भेटला असता त एक मासोळी खराब झाली नसती."

बर्फ त्या दोघांना चांगला ठाऊक होता. चाळीस वर्षं गुणवंतराव मच्छीमार सोसायटीत होते. बर्फाची लादी चंद्रपूरहून यायची, भुशात आणि पोत्यात गुंडाळून. गाडी गावात शिरेपर्यंत अर्धी लादी रस्त्यावर गळून गेलेली असायची. शकुबाईनं जन्मभर बर्फामागं धावपळ केली होती: लवकर फोडा, लवकर पसरा, वर पोतं टाका. बर्फ म्हणजे राहत नाही ती वस्तू. पाणी आपण होऊन बर्फ होतं, हे तिनं ऐकलेलं असेल, पण पाहिलं कधीच नव्हतं.

"बाहेर मायनस एकोणतीस हाय, आई," भाग्यश्री म्हणाली. तिचा आवाज प्रवासानं बसला होता.

"मायनस म्हंजे?"

"शून्याच्या खाली, आजी," दिव्यानी मधेच ओरडली.

शकुबाईनं यावर विचार केला. मे महिन्यात चंद्रपूर सत्तेचाळीसवर जातं, हे तिला माहीत होतं. शून्य म्हणजे काहीच नाही, हेही माहीत होतं. काहीच नाहीच्या खाली काय असू शकतं, ते मात्र तिच्या डोक्यात येईना. तेव्हा तिनं तिला समजणारी गोष्ट विचारली.

"दारात सडा टाकला का?"

भाग्यश्री म्हणाली, "आई, इथी अंगण नाई. नुसत्या तीन पायऱ्या हायेत."

"मंग पायऱ्यावर टाक. शेण नसंल त पाण्यात हळद टाक. उद्या सकाळी, कोणी बाहेर निघायच्या आधी. नव्या घरात दार कोरडं ठेवू नये."

"इथी कोणीच नाई टाकत, आई."

"कोणी नाई टाकत म्हणून आपणही नाई टाकायचं?" शकुबाईचा आवाज चढला. मग तिला बोअरिंगवरचं हसू आठवलं आणि नको होतं तेही तोंडून गेलं, "माह्या शब्दाचा मान ठेवशील त टाकशील. नाई त तुही मर्जी. मी काय, इथी बसली हाव."

भाग्यश्री म्हणाली, "टाकतो आई."

त्या रात्री शकुबाई समाधानानं झोपली. हजारो मैलांवर, काहीच नाहीच्या खाली असलेल्या त्या गावात, तिच्या सासूचा सडा पडणार होता.

बुधवारी फोन आला नाही. गुरुवारी आला, पण त्यात तोंडं नव्हती, नुसता आवाज. "इथलं नेट बराबर नाई, आई," भाग्यश्री म्हणाली. हेमराज कुठे आहे विचारलं तर, "कामाचे कागद करून राह्यले." शुक्रवारीही तसंच. "सगळं ठीक हाय" म्हणाली आणि ठेवून दिला. सडा टाकला का, हे विचारायचं शकुबाईच्या ओठावर आलं होतं, पण फोन तोवर बंद झाला होता.

शनिवारी चंदाबाई दोन घरांमधल्या कुडावरून डोकावली. "काऊन वं शकुबाई, फोन नाई आला?"

"आला ना."

"तोंड दाखवलं का?"

शकुबाई सूप उचलून तांदूळ पाखडायला लागली.

"मी म्हणलं नव्हतं? नावातच हाय." चंदाबाईनं बोटांची कात्री करून हवेत चालवली आणि फिदीफिदी हसली.

एरवी शकुबाईनं तिला उलटं सुनावलं असतं. पण त्या दिवशी जीव कडू झाला होता. ती म्हणाली, "शेवटी कुरखेड्याचीच ना बाई. पातळच राह्यची." बोलून गेल्यावर तिलाच ते बरं वाटलं नाही. पण बोललेलं परत कसं घ्यायचं? चंदाबाई तर ते घेऊन बोअरिंगकडं निघालीही होती.

रविवारी सकाळी सडा टाकून शकुबाई ओट्यावर टेकली होती, तेवढ्यात फोन वाजला. हिरवं बटण दाबलं तर दिव्यानी. या वेळी तोंड दिसत होतं. ती कुजबुजत होती.

"आजी, आई आंघोळीले गेली. म्हणून मी लावला."

"बाबा कुठी हाय वं?"

"झोपला. गोळी खाऊन." दिव्यानीनं फोन फिरवला. जमिनीवर गादी, गादीवर हेमराज, तोंड उघडं, चार दिवसांची दाढी. आणि उजवा हात पोटावर, कोपरापर्यंत पांढऱ्या प्लास्टरात.

शकुबाईनं फोन डोळ्यांजवळ नेला. ओट्याची कड तिनं घट्ट धरली.

"काय झालं त्याले?"

"तू सांगितला तो सडा नाई का, त्याच्यावर पडला." दिव्यानी अगदी सरळ सांगत होती, शाळेत काय शिकवलं ते सांगावं तशी. "आईनं हातानं शिंपला, पण तिचे बोटं गारठून गेले, मंग तिनं तांब्या ओतला. लगेच काच झाली, आजी. पिवळी काच, हळदीची. बाबा कंपनीत बूट आणाले निघाला अन् धपकन! पायरीवरून खालपर्यंत. डॉक्टर म्हणे, मनगट मोडलं."

"मायवं," एवढंच शकुबाई म्हणाली.

"आईनं बाबाले सांगितलं, माह्या हातून बादली सांडली. बाबा लय ओरडला तिच्यावर. आई म्हणे, आजीचं नाव नाई सांगायचं. तू पण नको सांगजो बाबाले. प्रॉमिस कर."

मागं दार वाजलं, ओल्या केसांची भाग्यश्री आली, लेकीच्या हातातून फोन घेतला आणि सासूचा चेहरा बघून जागीच थांबली.

"काऊन सांगितलं नाई मले?" शकुबाईनं विचारलं.

"काय सांगू आई? तुम्ही तिथून काय करनार होत्या? जीव जळला असता नुसता."

"अन् त्यानं तुले काय म्हटलं?"

"जाऊ द्या ना."

"काय म्हटलं?"

भाग्यश्रीनं केसांचं पाणी पदरानं टिपलं, म्हणजे टिपायला गेली. पदर नव्हता, जाडजूड स्वेटर होता. "म्हणाले, अक्कल विमानात सांडून आली का? बोलू द्या. दुखते त्याईले. अन् सोमवारी कामावर रुजू व्हायचं हाय, त्याची धास्ती."

फोन बंद झाल्यावर शकुबाई उठून अंगणात गेली. कोवळं ऊन आलं होतं आणि तिचा सकाळचा सडा कडेनं वाळत चालला होता. तिनं त्यावर अनवाणी पाऊल ठेवलं. दाबून पाहिलं. माती मऊ होती, थोडी ओली, पायाला चिकटली. दुसरं पाऊल ठेवलं. तिथंही मऊ. ती तशीच उभी राहिली. एकोणपन्नास वर्षं, रोज. या सड्यावरून सासरा गेला, दीर गेले, वराती गेल्या, हेमराज रांगला. कोणाचा पाय घसरला नव्हता. त्याच हेमराजचा वेल्डिंगचा हात याच सड्यानं मोडला होता. तिच्या शब्दानं. आणि शिव्या खाल्ल्या होत्या त्या पातळ कुरखेडेवालीनं.

गुणवंतराव जाळं खांद्यावर टाकून तलावावरून आले, त्यांना तिनं सगळं सांगितलं. ते बराच वेळ जाळ्यातलं शेवाळ काढत बसले.

"आता तुह्या सांगण्यानं हात जुळते का?" ते म्हणाले. "त्याचा राग दोन दिवसांत निवळंल. नवराबायकोचं हाय ते. तू कायले मधात पडतं? तो आजवर तुह्यासमोर एका शब्दानं वर गेला नाई. ते तेवढं राहू दे."

तेच तर होतं. हेमराजसमोर तिचा शब्द आजवर खाली पडला नव्हता. आखातातून आला की आधी तिच्या पाया पडायचा. आता तेवढंच तर तिच्यापाशी उरलं होतं. बाकी सगळं विमानात बसून गेलं होतं.

"अजी," ती म्हणाली, "त्या पोट्टीनं माह्यासाठी खोटं बोललं. अन् काल मी तिले चंदाबाईजवळ पातळ म्हणलं."

गुणवंतरावांनी जाळं दांडीवर वाळत टाकलं. दिवस कलल्यावर त्यांनीच फोन लावून तिच्या हातात दिला. तिकडं सकाळ झाली होती. हेमराजनंच उचलला, डाव्या हातानं असावा, कारण फोन वेडावाकडा हलत होता. तोंड दिसू नये म्हणून त्यानं तो छताकडं केला.

"हेमराज, हात कसा हाय?"

"कोणता हात?"

"उजवा. प्लास्टरातला."

छत हललं नाही.

"हे पाह्य," शकुबाई भराभर बोलली, थांबली तर पुढचं निघणार नाही म्हणून. "तिच्या हातून बादली नाई सांडली. मी सडा टाकाले लावला. ती नाई म्हणत होती. मी मानाची गोष्ट केली, म्हणून टाकला तिनं."

"सडा?" हेमराजचा आवाज फुटला. "माय, मायनस एकोणतीसमधी सडा? पाणी टाकल्यावर काय होते, एवढंही..."

त्यानं तिच्यावर आवाज चढवला, तो जन्मात पहिल्यांदा. शकुबाईला वाटलं होतं त्याहून ते जास्त लागलं.

"मले काय मालूम बाप्पा, काय होते," ती म्हणाली. "इथी वाळते."

तिकडून एक आवाज आला, हसण्याचा की रडण्याचा ते तिला कळेना.

"इथी वाळते," हेमराज स्वतःशीच म्हणाला. मग फोनपासून दूर तोंड करून, "भाग्यश्री! इकडं ये. अवं, चार दिवस झाले, मी तुले..." पुढचं ऐकू आलं नाही. फोन गादीवर पडला असावा. छतसुद्धा दिसेना, नुसता अंधार आणि दोघांचं हळू बोलणं. शकुबाईनं लाल बटण दाबलं. ते बोलणं तिचं नव्हतं.

सोमवारी दिवस बुडायच्या आत भाग्यश्रीनं स्वतः फोन लावला. तोंड दाखवून. टोपी, हातमोजे, सगळं चढवून ती दारात उभी होती. मागं हेमराज बूट घालून तयार होता, प्लास्टर गळ्यात बांधलेलं.

"आई, त्याईले कंपनीत बोलावलं. डाव्या हातानं होनारं काही काम देता येते का, ते पाहतो म्हणते."

"पायऱ्या?" शकुबाईनं पहिलं तेच विचारलं.

"तेच विचाराचं होतं." भाग्यश्रीनं फोन खाली वळवला. तीन पायऱ्यांवर अजून तो सडा होता, पिवळा, काचेसारखा, जागोजागी खरडलेला. "आतापर्यंत मागच्या दारानं जात होतो. तिथीही राती वाऱ्यानं बर्फाचा ढीग लागला. वरची घरमालकीण म्हणते, आज थंडी जरा कमी हाय, मीठ टाका, बर्फ सुटंल. इथी सगळेच दारात मीठ टाकतात. पोतं देऊन गेली ती."

"मीठ?" शकुबाई ओरडलीच. "दारात?"

दारात मीठ कोण टाकतं? उतारा टाकणारा. मीठ-मिरची तिठ्यावर दिसली की लेकराला कडेवर उचलून वळसा घालून जायचं, हे तिला चालायला लागली तेव्हापासून ठाऊक होतं. कुणाच्या उंबऱ्यावर मीठ सापडलं म्हणून दोन घरांची वीस वर्षं बोलाचाल बंद झालेली तिनं पाहिली होती. आणि तिथं सगळं गावच्या गाव स्वतःच्या हातानं स्वतःच्या दारात मीठ टाकतं?

"म्या टाकलं नाई अजून," भाग्यश्री म्हणाली. "म्हटलं, आधी तुमाले विचारू."

शकुबाईच्या घशातला तो काटा आता खऱ्या अर्थानं टोचला. एवढं सगळं होऊन ही पोरगी पोत्यापाशी उभी होती, नवरा कामावर जायचा खोळंबला होता आणि ती विचारत होती. चंदाबाई कुडापाशी कान देऊन होती. गुणवंतराव बिडी हातात धरून, ती न पेटवता, बघत होते.

"मले नको विचारू, बाई," शकुबाई म्हणाली. "ते दार तुहं हाय. तिथी काय पडते, काय होते, ते तुले दिसते. मले इथून नाई दिसत."

"मंग टाकू?"

"टाक. दार कोरडं करून घे."

भाग्यश्रीनं फोन दिव्यानीकडं दिला आणि "नीट धर वं" म्हणाली. पोत्यात हात घातला. शकुबाई डोळे बारीक करून बघत होती. भाग्यश्रीनं मीठ ओतलं नाही. मोज्यातली जाड बोटं जमतील तेवढी फाकवली, मनगट वळवलं आणि हात झटकला. पिवळ्या काचेवर खडे मीठ पडलं, तांदळाच्या दाण्यांसारखं, एकसारखं. मग दुसरी पायरी, मग तिसरी.

हेमराज कठडा धरून एकेक पायरी उतरला. तिसऱ्या पायरीवर थांबला आणि डावा हात वर करून त्यानं फोनकडं दाखवला.

"काऊन वं शकुबाई," कुडापलीकडून चंदाबाईला राहवलं नाही, "काय टाकून राह्यली तुही सून?"

"सडा," शकुबाई म्हणाली, "अन् पातळ नाई."